दंडातल्या काडीविषयी

दांडिया बाजार, वडोदरा

चि. मृदुलास अनेक आशीर्वाद.

दिवस राहू नयेत म्हणून डाव्या दंडात ती गर्भनिरोधक काडी बसवून घेतलीस, बरं केलंस. फोनवर बाळ रडत होतं, धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहितेय. नर्सची नोकरी संपली तरी माझी जीभ काही रिटायर होत नाही.

वरचा घट्ट पट्टा चोवीस तास काढू नकोस. रक्त आत साकळू नये म्हणून तो असतो. बोटं बधिर किंवा गार पडली तर मात्र सैल कर. खालची छोटी चिकटपट्टी तीन ते पाच दिवस राहू दे, आणि कोरडी. भिजलीच तर स्वच्छ कापडानं टिपून नवी लाव. आत्या हळद घेऊन येतील. भाजीत घाला म्हणावं. मलम, पावडर, काही नको.

दंडाच्या आतल्या बाजूला काळंनिळं होईल, मग हिरवट, पिवळट होत एक-दोन आठवड्यांत जाईल. त्याला भिऊ नकोस. पण लाली पसरत गेली, जागा तापली, पू आला, अंगात ताप भरला किंवा काडीचं टोक डोकावलं, तर मला फोन नंतर कर, आधी डॉक्टर गाठ.

पट्टी निघाली की दोन बोटांनी हलकेच चाचपून बघ. चार सेंटिमीटरची काडी कातडीखाली लागायला हवी. नाही लागली तर दाखवून ये, आणि तोवर दुसरं साधन वापरा. एकदा लागली की मग उगाच चिवडत बसू नकोस.

बाळाला थोडे दिवस उजव्या कडेवर घे. कुरकुरेल, त्याला डावीकडची सवय. उत्तरायण तोंडावर आलंय. अगाशीवर ये, पण पतंग जावईबापूंना उडवू दे. तू फार तर फिरकी धर.

पाळी पुढेमागे होईल, मध्येच डाग दिसतील, कधी येणारच नाही. काडीमुळे असं होतं. काडीबरोबर मिळालेलं कार्ड पर्समध्ये ठेव, तीन वर्षांनी बदलायची तारीख त्यावर आहे. टीबीच्या किंवा फिटच्या काही गोळ्यांनी काडीचा असर कमी होतो, तेव्हा कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तरी कार्ड आधी दाखव.

सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. मी तोंड उघडणार नाही. तोवर लांब बाह्यांचा कुडता घाल, नाहीतर पट्टी दिसली की शेजारपाजारच्या बायका विचारून भंडावतील.

तुझी,
आई