मुक्कामी गाडीतून ऑलिम्पिक

17 ऑगस्ट 2024

तीर्थरूप बाबांना आणि आईला शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी पॅरिस ऑलिम्पिकवरून फोनवर बाबा इतक्या जोरात बोलले की शेजारच्या बाकावर आडवे झालेले आमचे ड्रायव्हरदादाही उठून बसले. "एकशे चाळीस कोटी लोकं अन् सहा मेडल? अन् त्यात सोन्याचं एकबी नाई! काहून पाठवतेत मंग?" मी उत्तर देत होतो, पण तिकडून "हॅलो, हॅलो, काय म्हणतं?" एवढंच येत राहिलं आणि शेवटी आईनेच फोन बंद केला. कानाचं मशीन कोनाड्यात आणि बाबा ओसरीत, अशानं फोनवर वाद कसा व्हावा? म्हणून लिहितो. आई, तू वाचून दाखव, आणि संपेपर्यंत त्यांना मधे बोलू देऊ नको.

खेळातलं मला फार कळतं अशातला भाग नाही. तीन वर्षं अकरा महिने मी धनुष्यबाणाचं नावही काढत नाही आणि ऑलिम्पिक आलं की नेम कसा चुकला ते सगळ्या गाडीला समजावून सांगतो. कुस्तीत 'रेपेचाज' म्हणजे काय हे यंदा पहिल्यांदा विचारलं, आणि तेही दहावीतल्या एका पासवाल्या पोराला. पण या खेपेला पाहिलं मात्र भरपूर, कारण ते पंधरा दिवस माझी कंडक्टरची ड्यूटी एसटीच्या मुक्कामी गाडीवर होती.

गाव आतलं आहे, जंगलातलं. संध्याकाळी सातला गाडी पोचते, सकाळी सहाला निघते. पाऊस असला की लाईन जाते. मोबाइलला रेंज फक्त नाल्यावरच्या रपट्याजवळ, तीही एका दगडावर उभं राहिलं तर. 8 ऑगस्टच्या रात्री नीरज चोप्राचा भाला होता, बाराच्या सुमारास सुरू होणार होता. मी आणि ड्रायव्हरदादा निघालो तर मागून चार-पाच पोट्टे आले, मग एक म्हातारे आजोबा घोंगडी पांघरून आले. एक फोन आणि आठ डोकी. पोट्ट्यांनी मला दगडावर उभं केलं आणि हात वर धरायला लावला. म्हणजे सगळ्यांना दिसत होतं, मला सोडून!

पाकिस्तानच्या अर्शद नदीमने दुसऱ्याच फेकीत भाला 92.97 मीटरवर टाकला. ऑलिम्पिकचा विक्रम. नीरजचीही दुसरीच फेक लागली, 89.45. त्याच्या बाकीच्या पाचही बाद झाल्या. आजोबांनी विचारलं, "म्हंजे किती लांब हाय?" मीटर म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेव्हा ड्रायव्हरदादांनी सांगितलं ते मला फार आवडलं. म्हणाले, "आपली लालपरी अकरा मीटर धरा. अशा आठ गाड्या एकीमागं एक लावा, तेवढ्यावरून ह्या पोरानं भाला नेला. अन् त्या दुसऱ्यानं अजून आर्धी गाडी जवळपास." आजोबा उठून अंधारात आमच्या गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आठ गाड्या मी एका जागी पाह्यल्याच नाई."

फरक साडेतीन मीटरचा. दुसऱ्या दिवशी रिकाम्या गाडीत मी पावलांनी मोजला. ड्रायव्हरच्या जाळीपासून पाचव्या सीटच्या आसपास येतो. टोकियोला याच नीरजने 87.58 वर सोनं आणलं होतं. म्हणजे गडी त्या दिवसापेक्षा लांब फेकून दुसरा आला. बाबा, याला काय म्हणायचं? हरला म्हणायचं? आणि आई, नीरजची आई टीव्हीवर बोलली ते तू ऐकलंस का? सोनं नेलं तोही आपलाच पोरगा, असं म्हणाली. हरयाणातल्या खेड्यातली बाई, समोर माइकवाल्यांची गर्दी, आणि मुलगा दुसरा आलेला. अर्शदही मजुरी करणाऱ्या बापाचा मुलगा आहे, तिकडच्या पंजाबातला.

आता कुस्तीवाल्या विनेश फोगाटचं. तिच्याबद्दल बाबा फोनवर काहीच बोलले नाहीत, तेव्हाच मला समजलं की जास्त लागलेलं ते आहे. 6 तारखेला तिने जपानच्या युई सुसाकीला पाडलं. टोकियोची सोनंवाली ती, परदेशी पोरीकडून कधी न हरलेली. त्याच दिवशी अजून दोन कुस्त्या मारून विनेश फायनलला पोचली. आणि 7 तारखेला सकाळी वजन 50 किलोच्या वर शंभर ग्रॅम भरलं. बाद. पदक नाहीच, वर नंबरही शेवटचा. रात्रभर घाम गाळला, केस कापले, तरी काटा खाली आला नाही.

त्या दिवशी गाडीत दुसरा विषय नव्हता. अर्ध्या तिकिटाच्या बायकांनी (आता सगळ्याच अर्ध्या तिकिटाच्या आहेत म्हणा) मला विचारून भंडावलं की शंभर ग्रॅम म्हणजे केवढं. एकीने पिशवीतून चहापत्तीचा पुडा काढून दाखवला. त्यावर 100 ग्रॅम लिहिलेलं होतं. तो पुडा हातोहात मागच्या सीटपर्यंत फिरून आला. ज्या बाईच्या हाती जाई ती आधी तोलून बघे आणि मग गप्प होई.

मला मात्र आपला कापूस आठवला. मी सातवी-आठवीत असेन. बंडी घेऊन आपण रात्रीपासून रांगेत होतो. सकाळी व्यापाऱ्याच्या माणसाने काट्यावर नुसता हात ठेवल्यासारखं केलं आणि क्विंटलमागे दोन किलो कडता कापला, का तर म्हणे ओल आहे. तुम्ही कापसात हात खुपसून त्याच्या नाकापुढे धरलात, "कुठं हाय ओल?" म्हणून. त्याने तुमच्याकडे बघितलंही नाही. परत येताना बंडीत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. म्हणून, बाबा, "त्या पोरीसंगं डाव झाला" असं तुमच्या मनात असेल ना, ते कुठून येतं हे मला माहीत आहे. ज्यानं जन्मभर दुसऱ्याच्या काट्यावर माल घातला त्याचा काट्यावर विश्वास कसा बसावा?

पण मला ते पटत नाही. तिकडचा काटा सगळ्यांना तोच होता. वजन दोन्ही दिवशी घेतात हा नियम कुस्तीत आधीपासून आहे आणि खेळायला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. तिने दाद मागितली, तीही 14 तारखेला फेटाळली गेली. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ही पोरगी आधी 53 किलोत खेळायची. वरच्या गटातून खालच्या गटात यायला एवढं अंग कातावं लागतं, हे आपल्याला कधी कळलं? बाद झाल्यावर. त्याच्या आधी आपण तिच्या कुस्तीचा एक मिनिट तरी पाहिला होता? मी नाही.

दोनच दिवसांनी अमन सेहरावतने 57 किलोत कांस्य घेतलं. तोही सेमीफायनलनंतर साडेचार किलोवर वाढला होता. दहा तासांत उतरवलं. आई, तुझ्यासाठी सांगतो, त्याला आईबाप नाहीत, लहानपणीच गेले. एकवीस वर्षांचा आहे. आता रडू नको.

स्वप्नील कुसाळेचं तर आमच्या डेपोत वेगळंच कौतुक. कोल्हापूरकडचा, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. नोकरी रेल्वेत, पदक मिळेपर्यंत तिकीट तपासायची! 50 मीटर रायफलमध्ये आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून, मग उभ्याने नेम धरायचा असतो. त्यात 451.4 गुण करून तिसरा आला. ड्रायव्हरदादा मला म्हणाले, "मास्तर, तोबी तिकीटवाला अन् तुमीबी तिकीटवाला. तुमाले कवा भेटते मेडल?" मी म्हटलं, भरलेल्या गाडीत पालथं पडायला जागा द्या, मग बघू.

हे हसण्यावारी झालं. पण महाराष्ट्राच्या माणसाला स्वतःच्या एकट्याच्या जोरावर पदक मिळालं ते 72 वर्षांनी. आधीचे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, 1952, हेलसिंकी. त्यांना जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपलसाहेबांनी, खर्डेकरांनी, घर गहाण टाकून सात हजार उभे केले. आपल्याकडे पोराच्या खेळासाठी घर गहाण पडल्याचं मी ऐकलं नाही. पोरीच्या लग्नासाठी मात्र चिक्कार पडलीत.

आता तुमच्या एकशे चाळीस कोटींकडे येतो. हिशोब तुमचा खरा आहे, उलट कमीच केलात. सेंट लुसिया म्हणून एक बेट आहे. लोकं पावणेदोन-दोन लाखांच्या आत, म्हणजे अमरावती शहराच्या निम्मीसुद्धा नाहीत. तिथली पोरगी शंभर मीटरला जगात पहिली आली. डॉमिनिका तर त्याहून लहान, आपल्या एखाद्या तालुक्यात मावेल एवढं. त्यांनाही तिहेरी उडीत सोनं. आपण 117 जण पाठवले, एक रौप्य आणि पाच कांस्य घेऊन यादीत एकाहत्तरावे. टोकियोत सात होती, त्यात एक सोनं.

पण बाबा, एकशे चाळीस कोटी खेळतात कुठे? बघतात. तेही माझ्यासारखे, चार वर्षांतून एकदा, दगडावर उभे राहून. माझ्या शाळेत पी.टी.चा तास वेळापत्रकात होता, पण त्या तासाला आम्ही गोटे वेचायचो. पुढे मैदानावर गिट्टीचा ढीग पडला, तो मी दहावी होऊन निघालो तरी तिथेच. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना लांब उडी म्हणजे नाली ओलांडणे एवढंच माहीत.

असं म्हणावं तर आपल्याकडे कधी काही नव्हतं असंही नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची गोष्ट तुम्हीच सांगायचात. 1914 सालची संस्था, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांची पोरं तिकडे जाऊन कबड्डी आणि आपले देशी खेळ दाखवून आली. आणि आत्ताचं घ्या. नागपूरच्या ओजस देवतळेने मागच्या वर्षी एशियाडला तिरंदाजीत तीन सोनी घेतली. मग तो पॅरिसला का नव्हता, म्हणून मी हळहळलो. तर कळलं, त्याचं चाकांचं धनुष्य, ज्याला कंपाउंड म्हणतात, ते पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये नव्हतंच. तिथे साध्या दांड्याचं रिकर्व्ह लागत होतं. पट, म्हणजे बैलांची शर्यत, जिंकणारी जोडी घेऊन जावं आणि तिथे कळावं की इथं रेड्यांची टक्कर आहे!

पटावरून आठवलं. तुम्ही म्हणता चौथा आला म्हणजे काहीच नाही. यंदा आपले सहा ठिकाणी चौथे आले. मनू भाकरने पिस्तुलात दोन कांस्य घेतली आणि तिसऱ्या वेळी ती चौथी. बॅडमिंटनमध्ये लक्ष्य सेन चौथा. मीराबाई चानूने एकूण 199 किलो उचललं, तिसऱ्या नंबरवालीने 200. एक किलो! आता मला सांगा, तळेगाव दशासरच्या पटाला जाऊन तुम्ही आठ-आठ दिवस काय सांगत बसायचात? कोणती जोडी जिंकली ते आईला पहिल्या मिनिटात सांगून मोकळे व्हायचात. बाकी सगळी कथा त्या जोडीची, जी पॉइंटच्या फरकाने गेली. धुरकऱ्याने कासरा कुठे ढिला सोडला, उजवीकडचा बैल कुठे बुजला. ती जोडी आमच्या घरात वर्षभर पळायची.

अविनाश साबळे तर अकरावा आला आणि त्याच्यासाठी मी सगळ्यात जास्त ओरडलो. बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा शेतकऱ्याचा पोरगा, फौजेत गेला, सियाचेनला राहून आला. तीन हजार मीटर पळायचं, मधे आडवी लाकडं आणि पाण्याचा खड्डा. या शर्यतीच्या फायनलला आपला पुरुष याआधी कधी पोचलाच नव्हता. रात्री सव्वाएकला रपट्यावर एकटा उभा राहून पाहिलं. कुत्री भुंकायला लागली.

हॉकीचं लिहीत नाही, ते तुम्ही पाहिलंच असेल. ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाला हरवलं ते 1972 नंतर पहिल्यांदा. तेव्हा तुम्ही ट्रान्झिस्टर पिंपळाला टांगून ऐकायचात म्हणे.

28 तारखेपासून पॅरिसलाच पॅरालिम्पिक आहे. टोकियोला त्या लोकांनी 19 मेडलं आणली होती, त्यातली पाच सोन्याची. थ्रेशरमध्ये हात गेलेला आपला शेजारचा पोरगा दिवसभर पारावर बसून असतो, त्याला बोलावून घ्या आणि सोबत बघा.

2 सप्टेंबरला पोळा आहे. सुट्टी मागितली आहे, अजून मिळाली नाही, कारण सगळ्यांनाच पाहिजे. मिळाली तर आदल्या संध्याकाळी खांदशेकणीला पोचतो. बैलांचे नवे मटाटे इकडून घेतो, तुम्ही बाजारातून आणू नका. थोरल्याला सांगा, पऱ्हाटीवर फवारा मारताना तोंडाला रुमाल आणि हातात मोजे घालूनच वावरात जा. 2017 साली यवतमाळकडे फवारणीच्या विषानं काय झालं ते विसरू नका म्हणावं.

हे पाकीट आपल्या फाट्यावरून जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे देतो आहे, चहावाला घरी पोचवेल. त्यात मशीनचे सहा सेल आहेत. बारीक गोल आहेत, मागचा कागद सोलून थोडा वेळ हवेत ठेवायचे आणि मग घालायचे. आई, तू घालून दे. मी 28 ला रात्री आठला फोन करतो. बाबा, तेव्हा मशीन कानात पाहिजे, कोनाड्यात नाही.

तुमचा,
लहाना