डेमो म्हणजे चित्रफीत नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या घरगुती संगणकांवरचा लेख मी आवडीने वाचला आणि विस्मरणात गेलेल्या या विषयाला आपण अर्धे पान दिलेत, याबद्दल मनापासून आभार मानते. मात्र त्यात ‘डेमो’ या कलाप्रकाराचा उल्लेख ‘जुन्या संगणकांवरील छोट्या चित्रफिती’ असा झाला आहे. ही चूक किरकोळ वाटेल, पण तिच्यामुळे या कलेचा गाभाच नजरेआड होतो, म्हणून हे पत्र.

चित्रफितीतली चित्रे आधीच तयार असतात आणि यंत्र ती एकामागून एक दाखवते. डेमो हा प्रोग्राम असतो. पडद्यावरची प्रत्येक आकृती आणि कानावर पडणारा प्रत्येक स्वर संगणक त्याच क्षणी, आपल्या समोर घडवत असतो. 1982 साली आलेल्या कमोडोर 64 या घरगुती संगणकाचेच पाहा. त्याची मेमरी 64 किलोबाइट, आणि युरोपात विकल्या गेलेल्या यंत्रातील प्रोसेसर सेकंदाला दहा लाखांहून थोडे कमी ठोके, म्हणजे कामाचे लहानात लहान टप्पे, पार पाडणारा. पडदा सेकंदाला 50 वेळा, दर वेळी 312 रेषांत रंगवला जातो, म्हणजे एका रेषेच्या वाट्याला 63 ठोके येतात. चित्राच्या भागात दर आठव्या रेषेला ग्राफिक्स चिप त्यातलेही 40 ठोके स्वतःकडे ओढून घेते. एका सूचनेला दोन ते सात ठोके लागतात, तेव्हा उरलेल्या वेळात किती सूचना बसतील याचा हिशेब वाचकांनीच करावा.

या हिशेबातून काय निघू शकते, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण पडद्याच्या चौकटीचे आहे. कमोडोरचे चित्र मधल्या 320 गुणिले 200 ठिपक्यांतच उमटते आणि भोवतीची रंगीत चौकट प्रोग्रामरच्या हाताबाहेरची मानली जाई. चित्रात अक्षरांच्या 25 ओळी ठेवल्या तर खालची चौकट 251व्या रेषेला सुरू होते, 24 ठेवल्या तर 247व्या. ग्राफिक्स चिप त्या त्या रेषेवर पोहोचली की तपासणी करते आणि चौकट चालू करते. काही तरुणांच्या लक्षात आले, की 247वी रेषा उलटेपर्यंत 25 ओळी ठेवायच्या आणि 251वी येण्याआधी झटकन 24 करायच्या. मग चिपच्या लेखी एक तपासणीची वेळ टळून गेलेली असते, दुसरी येतच नाही आणि चौकट उघडीच राहते. त्या मोकळ्या जागेत मग स्प्राइट नावाची छोटी हलती चित्रे नाचवता येतात. चिप घडवणाऱ्यांनी ही सोय ठेवलेली नव्हती. चार रेषांच्या फटीत, दर सेकंदाला 50 वेळा न चुकता केलेले हे काम मी पहिल्यांदा समजून घेतले, तेव्हा कितीतरी वेळ त्याच विचारात होते.

आवाजाची गोष्ट तर माझ्या मुद्द्याला आणखी जवळची आहे. बॉब यानेस यांनी घडवलेल्या ‘सिड’ या ध्वनी-चिपमध्ये तीनच आवाज आहेत. पण तिच्या पहिल्या आवृत्तीत, 6581 मध्ये, आवाजाची पातळी बदलली की ‘टक्’ असा एक बारीक ध्वनी येत असे. हा वास्तविक दोष. पातळी अतिशय वेगाने बदलत राहून लोकांनी त्यातूनच ढोल आणि माणसाचे शब्दही ऐकवले. पुढच्या 8580 आवृत्तीत तो दोष बराचसा दूर झाला आणि त्या जुन्या रचनांतला हा चौथा आवाज जवळजवळ विरून गेला. प्रोग्राम तोच, पण यंत्र बदलताच कलाकृती बदलली.

2015 साली जर्मनीतील झारब्र्युकेन येथे भरलेल्या ‘रिव्हिजन’ या डेमोकारांच्या मेळाव्यात ‘8088 एमपीएच’ या डेमोने 1981 च्या आयबीएम पीसीवर, मुळात 16 रंगांच्या ग्राफिक्स कार्डातून, 1024 रंग दाखवले. ते रंग कार्डातून निघणाऱ्या कंपोझिट सिग्नलच्या, म्हणजे उजेड आणि रंग एकाच तारेतून एकत्र नेणाऱ्या सिग्नलच्या, गुणधर्मातून जन्मतात, आणि त्या वेळी जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामला हा डेमो नीट चालवता आला नाही. तिथेच 2017 साली लिनस ओकेसन यांनी कमोडोरवर सादर केलेली ‘अ माइंड इज बॉर्न’ ही रचना दोन मिनिटांहून अधिक काळ संगीत आणि चित्र दाखवते. तिची फाइल 256 बाइटची आहे. युनिकोडच्या यूटीएफ-8 या नेहमीच्या पद्धतीत तेवढ्यात देवनागरीची 85 चिन्हे मावतात. या पत्राचे पहिले वाक्यही त्यात बसणार नाही.

मैफलीचे ध्वनिमुद्रण मोलाचे असते, तसे डेमोचे मुद्रणही असते, आणि नक्कल करणारे प्रोग्राम आज पुष्कळ सुधारले आहेत, हे मी नाकारत नाही. तरीही फिनलंडने 2020 मध्ये आणि जर्मनीने 2021 मध्ये डेमो-परंपरेला आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतले, तेव्हा त्यांनी नोंदवली ती एक जिवंत कारागिरी होती, आणि कारागिरीला तिचे अवजार लागते.

आपल्याकडे या अवजारांचे काय झाले? 1984 साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक मिळाले होते. त्यांचा 6502 प्रोसेसर आणि कमोडोरमधला प्रोसेसर एकाच घराण्यातले, आणि बीबीसी मायक्रोसाठी या शतकातही नवे डेमो लिहिले गेले आहेत. मी ज्या शाळेत शिकवत होते तेथील यंत्रे एका सुट्टीत, आम्हा शिक्षकांना न विचारता, वजनावर भंगारात गेली. त्यांपैकी दोन तर तेव्हाही व्यवस्थित चालत होती. त्याची हळहळ आजही वाटते.

म्हणून आपण लेखातील उल्लेखाची दुरुस्ती छापावी, आणि सोबत शाळांना एक आवाहनही करावे. कपाटात असा संगणक उरला असेल तर तो भंगारात देऊ नये, जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा विज्ञान केंद्राला कळवावे. उत्साहाच्या भरात तो लगेच विजेला मात्र जोडू नये. इतक्या वर्षांनी त्याच्या पॉवर सप्लायमधील फिल्टर कपॅसिटरना (विजेतला गोंगाट गाळणाऱ्या छोट्या भागांना) बहुधा तडे गेलेले असतात आणि वीज मिळाल्यावर त्यांतून धूर येऊ शकतो. ते आधी जाणकार तंत्रज्ञाकडून बदलून घ्यावेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे