पाटीवर नसलेली नावं

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पारोळा तालुक्यातल्या बोरी नदीकाठच्या एका खेड्यात मी 1969 ते 2014 अशी पंचेचाळीस वर्षं टपाल वाटलं. आधी आम्हाला ‘ईडी’, म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, म्हणायचे, नंतर ग्रामीण डाकसेवक म्हणू लागले. चार गावांचा बटवडा माझ्याकडे होता. आधी पायी फिरायचो, पुढे सायकल आली. आजवर हजारो पत्रं पोचवली, स्वतःचं पत्र वर्तमानपत्राला लिहिण्याची मात्र ही पहिलीच वेळ. मोठं झालं तर काटछाट करावी, पण फौजी घरांबद्दलचा मजकूर शक्यतो ठेवावा ही विनंती.

झालं असं, की नोव्हेंबरात गावातल्या सुभेदार आबांना घेऊन मी हयातीचा दाखला काढायला गेलो. आबा माझ्याच वयाचे. शाळेत आम्ही एकाच गोणपाटावर बसलो. 1967 साली ते भरती झाले आणि 1991 ला सुभेदार म्हणून घरी आले, तेव्हापासून कपाशी, दादर ज्वारी, गुरंढोरं यातच आहेत. यंत्रावर त्यांचं एकही बोट लागेना. औताच्या रुमण्याने आणि विळ्याने ठसे पार झिजलेत. दाखला काढून देणाऱ्या पोराने फडक्याने बोटं पुसून चार-पाचदा पाहिलं, शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून काम झालं. पोरगा चांगला होता, चिडला नाही. पण पेन्शनच्या कागदावर पलटणीचं नाव वाचून तो थबकला. म्हणाला, “आबा, तुम्ही मिलिटरीत होते?”

तो आमच्याच गावचा आहे. आबांच्या गल्लीतच राहतो. लहानपणी त्यांच्या ओट्यावर गोट्या खेळलाय.

पोराचा दोष नाही. त्याला सांगणार कोण? आबा स्वतः बोलत नाहीत. गावात कुठे लिहिलेलं नाही. शाळेच्या भिंतीवर हुतात्म्याची पाटी आहे, तिच्यावर एक नाव आहे आणि ते तिथेच शोभतं. ग्रामपंचायतीत सगळ्या सरपंचांची नावं कार्यकाळासह रंगवली आहेत. मारुतीच्या देवळात पंखा देणाऱ्याचं नाव पंख्याच्या पात्यावर आहे, तेही असू द्या, देणाऱ्याने मनापासून दिलं. पण ज्याने चोवीस वर्षं दिली आणि जो जिवंत परत आला, त्याचं नाव गावात कुठेच नाही. परतीच्या एसटीत मी आबांना हे बोलून दाखवलं. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, “ज्यानं नाव पाटीवर शे, त्यानं ऱ्हाऊ द्या. मी ते घर उनू.”

तेव्हापासून मला स्वस्थता नाही, कारण ते ‘घर उनू’, घरी आलो, म्हणजे काय होतं, हे गावात आबांच्या खालोखाल मला माहीत आहे. त्यांची पत्रं मी वाहिली आहेत.

फौजेतल्या माणसाचा पत्ता अजब असायचा. आधी नंबर, मग हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘द्वारा 56 एपीओ’, म्हणजे फौजेचं डाकघर. गाव नाही, जिल्हा नाही. पलटण कुठे आहे हे पत्त्यावरून कोणाला कळू नये म्हणून ही सोय. या पत्त्यावरची डाक आधी दिल्लीला जायची आणि तिथून फौजेचंच टपालखातं ती जिथल्या तिथे पोचवायचं. आबांची आई मला दर वेळी विचारायची, “छप्पन एपीओ गाव कोठे शे रे भाऊ?” मी सांगायचो, दिल्लीच्या पुढे. तिचं समाधान व्हायचं. दिल्लीपर्यंत तिच्या मनात रस्ता होता, पोरगा सुट्टी संपवून काळी पेटी घेऊन भुसावळला झेलममध्ये बसायचा आणि ती गाडी दिल्लीवरून जाते एवढं तिला ठाऊक होतं.

तिला लिहिता येत नव्हतं. ती अहिराणीत बोलायची, मी मराठीत लिहायचो. उंबऱ्यावर बसून अंतर्देशीय पत्र गुडघ्यावर धरायचं. एके वर्षी ऐन पेरणीत त्यांचा एक बैल गेला. मी ते लिहायला लागलो तर तिने माझा हात धरला. “बैल मरी गया हाई नको लिखू. त्याना जीवले घोर लागी.” मग मी लिहिलं, की पाऊस चांगला आहे, पेरणी आटोपली. प्रत्यक्षात दुसऱ्या बैलाच्या जोडीला शेजाऱ्याचा बैल मागून, उशिराने, सुनेने पाभर धरली होती.

तिकडून येणारी पत्रंही तशीच. 1971 च्या डिसेंबरातल्या लढाईनंतर आबांचं पहिलं पत्र आलं ते जानेवारीत. तिला मीच वाचून दाखवलं. मी खुशाल आहे, इकडे पाणी फार, भात चांगला पिकतो, लोक मासे खातात, बाबांच्या खोकल्याला औषध आणा. एवढंच. ती म्हणाली, “आखो काय लिखेल शे?” आणखी काहीच नव्हतं. ते त्या वेळी मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, जंगी पलटणीत होते. 10 आणि 11 डिसेंबरच्या मधल्या रात्री आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरहून निसटू पाहणारी पाकिस्तानी पलटण याच मराठ्यांच्या अंगावर चालून आली होती, आणि त्यांनी रस्ता सोडला नव्हता. त्यानंतर पाच-सहा दिवसांत, 16 डिसेंबरला, ढाक्यात 93 हजारांची शरणागती झाली. हे मला कळलं कित्येक वर्षांनी, तेही आबांकडून नाही, सुट्टीवर आलेल्या त्यांच्या एका साथीदाराकडून. भात चांगला पिकतो, एवढंच आईला माहीत होतं. ती तशीच गेली.

दोन्हीकडून एकमेकांना जपण्यासाठी लिहिलेली ही पत्रं मी पाठीवरच्या थैलीतून नेली-आणली. मला दोन्हीकडचं खरं दिसत होतं आणि कोणालाच सांगता येत नव्हतं. फौजी माणसाचा त्याग म्हटलं की लोकांना बंदूक आठवते. मला तो बैल आठवतो, आणि मनिऑर्डरच्या पावतीवर उठलेला, निळ्या शाईचा, भेगा पडलेला अंगठा.

ज्यांचं नाव पाटीवर आहे, त्यांची तारही मीच दिली. ते आणि आबा एकाच वर्षी बेळगावला रिक्रूट झाले होते. डिसेंबरचे शेवटचे दिवस होते. पारोळ्याला आलेली तार डाकेच्या थैलीतून आमच्याकडे आली. शाखा डाकघर सांभाळणाऱ्या गुरुजींनी ती वाचली, घडी घातली आणि मला म्हणाले, तू जा. घराला कुलूप होतं. वहिनी शेतात कापूस वेचत होत्या, विशीच्या आत-बाहेरचं वय. मी बांधावरून येताना त्यांनी पाहिलं आणि त्यांना वाटलं मनिऑर्डर आली. त्यांनी ओटीतला कापूस खाली ठेवला, पदराला अंगठा पुसला आणि हात पुढे केला.

त्यापुढचं मी लिहीत नाही.

त्या लढाईत पडलेल्यांचे देह बहुतेक घरी आलेच नाहीत, पलटणच तिकडे अग्नी द्यायची. तिरंग्यात लपेटलेली पेटी गावापर्यंत येऊ लागली ती 1999 च्या कारगिलपासून. वहिनींकडे काही महिन्यांनी फक्त त्यांच्या सामानाची पेटी आली, ती उतरवून घ्यायला गुरुजी आणि मी होतो. वहिनी आजही त्याच घरात आहेत. 26 जानेवारीला झेंड्याच्या वेळी त्यांना शाल-श्रीफळ देतात, त्या घेतात आणि गर्दीतून लवकर निघून जातात. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. शाल द्यावीच. पण वर्षाचे उरलेले दिवस त्यांच्या दाराशी कोण जातं, हेही विचारलं पाहिजे.

आपल्याकडे म्हणतात की फौजेची परंपरा सातारा-कोल्हापूरकडची, खान्देश शेतीचा आणि व्यापाराचा. मला हे पटत नाही. 1825 साली इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रामने इथे भिल्ल पलटण उभी केली, धरणगाव तिचं ठाणं होतं. आउट्रामचं नाव दोनशे वर्षं टिकलं. त्या पलटणीतल्या एका तरी भिल्ल शिपायाचं नाव आपल्यापैकी कोणी सांगू शकेल का? वरणगावच्या कारखान्यात 1964 पासून फौजेसाठी काडतुसं बनतात, तिथे खपलेले हात याच मातीतले. परंपरा आहे, ती लिहून ठेवलेली नाही.

साताऱ्याजवळ अपशिंगे गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या गावचे 46 जण कामी आले. इंग्रजांनी अशा बऱ्याच गावांत संगमरवरी दगड बसवले, त्यांवर मजकूर असा असायचा, की या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. राज्य परकं होतं, पण गेलेल्या सगळ्यांची मोजदाद त्यांनी केली, फक्त पडलेल्यांची नाही. त्या दगडांवर आकडा आहे, नावं नाहीत. आपण नावं लिहू शकतो. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात 25 हजारांहून अधिक हुतात्म्यांची नावं कोरली आहेत, ते 2019 साली उभं राहिलं, फार मोठं काम झालं. पण जे परत आले त्यांची आठवण दिल्ली ठेवू शकत नाही. ती गावानेच ठेवायची आहे.

म्हणून मी एक वही केली आहे. दोनशे पानी, साधी. बटवड्याच्या चारही गावांतून जे जे फौजेत गेले, त्यांची नावं आठवून लिहितो आहे. पत्ते रोज हाताखालून जायचे, त्यामुळे काहींचे नंबरसुद्धा अजून पाठ आहेत. आजपर्यंत 37 नावं झाली. नाव, पलटण, भरतीचं साल, घरी आल्याचं साल. आणि एक रकाना मी मुद्दाम आखलाय: मागे घर कोणी सांभाळलं. कोणाच्या घरी बायको, कोणाच्या घरी आई, एका घरी शाळा सोडलेला धाकटा भाऊ. वहीतलं पहिलं नाव त्या वहिनींचं आहे.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांची नोंद असते, तिचा उपयोग करावाच. पण पेन्शनीआधी काही कारणाने घरी आलेले, ओळखपत्र न काढलेले, केव्हाच वारलेले, असे कितीतरी त्या यादीत नसतात. ते फक्त गावाच्या आठवणीत आहेत, आणि 1965 आणि 1971 पाहिलेली माणसं आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढे गेली आहेत. 1962 चे तर आमच्या चार गावांत एकच उरलेत, त्यांनाही आता ऐकू येत नाही.

7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. 1949 पासून तो पाळतात. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असा छोटा झेंडा छातीला टाचतात आणि डबा फिरतो. डब्यात पैसे टाकाच, ते सैनिकांच्या कुटुंबांसाठीच जातात. 2020 साली राज्याने माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ केली, तेही चांगलंच झालं. पण माझी खरी विनंती 14 जानेवारीची आहे. पहिले भारतीय लष्करप्रमुख जनरल करिअप्पा 1953 साली त्याच दिवशी निवृत्त झाले, म्हणून तो माजी सैनिकांचा दिवस मानतात. आपल्याकडे तेव्हाच संक्रांत असते. तिळगूळ घेऊन आपण घरोघर जातोच. त्या दिवशी वाडी-वस्तीवरच्या, भिल्लवाड्यातल्या, बौद्धवाड्यातल्या, सगळ्या फौजी घरी जा. शिक्षकांनी दोन-चार मुलं सोबत न्यावीत. कोणत्या सालात भरती झालात, पहिली पोस्टिंग कुठे, घरी पत्र कोण वाचायचं, एवढंच विचारा. लढाईचं लगेच विचारू नका. सांगायचं असेल तर ते आपणहून सांगतील, नाही तर भात चांगला पिकतो म्हणतील. तेही लिहून घ्या. मग ती यादी ग्रामसभेपुढे ठेवून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा. सरपंचांच्या यादीला लागतो तेवढाच रंग लागेल. आमच्या सरपंच ताईंनी होकार दिला आहे.

माझ्या वहीत एक ओळ अर्धी आहे. 1965 च्या सुमारास महार रेजिमेंटमध्ये भरती झालेला, सागरला ट्रेनिंग केलेला एक मुलगा होता. घर गावविहिरीपलीकडे, घरी एकटी आई. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याची मनिऑर्डर हटकून यायची आणि खालच्या चिठोऱ्यावर तो एकच ओळ लिहायचा, ‘आई, दूध घेत जा.’ 1974 ला आई गेली. मनिऑर्डर थांबली. घर पडलं. पुढे तो सुरतला मिलमध्ये लागला असं कानावर आलं, पण गावात तो पुन्हा दिसला नाही. त्याचं नाव मी लिहिलं आहे, घरी आल्याचं साल कोरं आहे. सुरतेत आपल्या भागातली खूप माणसं आहेत आणि आपलं वर्तमानपत्र तिकडे जातं, असं ऐकतो. या खुणांवरून ज्यांना आपलं घर ओळखू येईल, त्यांनी आमच्या गावच्या डाकघरात एक कार्ड टाकावं. मी आता नोकरीत नाही, पण रोज सकाळी थैली उघडते तेव्हा तिथे असतो.

आपला नम्र,
एक निवृत्त डाकसेवक,
ता. पारोळा, जि. जळगाव