विश्वासाचाही नियम होतो तेव्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ख्रिस्ती तारणाविषयीचा, म्हणजे पापातून सुटका कशाने होते याविषयीचा, लेख वाचला. लेखकाने मधोमध एक रेघ ओढली आहे. अलीकडे भोळा विश्वास, पलीकडे नियमांचे जोखड. येशू अलीकडे, नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी परूशी पलीकडे. मग तीच रेघ पुढे नेऊन प्रोटेस्टंट विश्वासवाले आणि कॅथलिक कर्मवाले, अशी वाटणीही करून टाकली आहे. संडे स्कूलमध्ये शिकवायला लागले तेव्हा मीसुद्धा फळ्यावर हेच चित्र काढत असे. मुलांच्या प्रश्नांनी ते हळूहळू पुसले गेले, म्हणून हे पत्र.

येशूनंतर मंडळ्या उभारणाऱ्या प्रेषित पौलाचे भांडण चांगल्या वागणुकीशी कधीच नव्हते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात वाद आहे तो सुंतेचा, पंगतीचा आणि सणवारांचा. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत होता. यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे आली, तसा तो मागे सरला आणि पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावले. प्रश्न असा होता, की देवाच्या घरात यायला आधी यहुदी व्हावे लागते का? इ. स. 49 च्या सुमारास यरुशलेमेत यावर बैठक झाली आणि उत्तर आले, ‘नाही’. (गंमत म्हणजे, लोकांवर ओझे लादू नये असे ठरवणाऱ्या त्याच बैठकीने निरोपाच्या पत्रात चार नियम घातलेच: मूर्तीला वाहिलेले, रक्त, गुदमरून मारलेले प्राणी आणि जारकर्म यांपासून दूर राहा. नियमांवाचून कोणाचे फार वेळ चालत नाही!)

या सगळ्यात पौलाने काढलेला हुकमी पत्ता म्हणजे यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम. बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून गणला गेला. सुंतेची आज्ञा येते 17व्या अध्यायात. मधल्या काळात त्याचा मुलगा इश्माएल जन्मून 13 वर्षांचा झालेला आहे. म्हणजे देवाने अब्राहामाला जवळ केले तेव्हा नियमाचा पत्ताच नव्हता, हा पौलाचा मुद्दा. आता याकोबाचे पत्र उघडा. तोच अब्राहाम, उत्पत्तीतले तेच वाक्य, पण याकोब ते 22व्या अध्यायाला, मुलगा इसहाक याला वेदीवर ठेवण्याच्या प्रसंगाला, नेऊन जोडतो आणि म्हणतो की विश्वास पूर्ण झाला तो इथे. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता ल्यूथर याकोबावर इतका नाराज होता, की 1522 च्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने हे पत्र गवताचे ठरवले. (पुढच्या आवृत्त्यांतून तो शेरा गळला.) मला मात्र ही दोघांची मारामारी वाटत नाही. पौल सांगतो आहे त्या माणसाला, जो दाराबाहेर उभा राहून विचारतो, ‘आत यायला काय द्यावे लागेल?’ याकोब बोलतो आहे आत येऊन पाय पसरून बसलेल्याशी. उपाशी भावाला ‘सुखी राहा, पोटभर जेव’ असे म्हणून वाटेला लावणारा त्याच्या पत्रातला मनुष्य विश्वासणाराच आहे.

परूश्यांविषयीही जरा सबुरीने घ्यायला हवे. दहा आज्ञा आपण ‘करू नको, करू नको’ अशा पाठ करतो, पण निर्गमाच्या 20व्या अध्यायात त्यांच्या आधी एक वाक्य आहे: ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर काढले तो मी तुझा देव. सुटका आधी, नियम मागून. म्हणजे यहुदी धर्मालाही कृपेची ओळख नव्हती असे म्हणता येत नाही. 1977 मध्ये ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने हेच साधार मांडल्यापासून पौलावर लिहिणाऱ्यांना जुने चित्र जसेच्या तसे काढता आलेले नाही. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात गेलेला परूशीसुद्धा प्रार्थनेची सुरुवात देवाचे आभार मानून करतो. उपास आणि दशमांश तो खरोखरच पाळत असणार. त्याचे घोडे पेंड खाते ते शेजारच्या जकातदाराकडे तुच्छतेने बघताना.

कॅथलिक म्हणजे कर्मवाले, हे विधान तर सोळाव्या शतकातल्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेचे कागद न वाचताच केलेले दिसते. 1547 च्या जानेवारीत, सहाव्या बैठकीत, परिषदेने पहिलाच ठराव केला तो असा, की कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो असे म्हणणारा बहिष्कृत असो. नववा ठराव ‘केवळ विश्वासा’च्या विरोधात आहे, हेही खरे. मतभेद होता आणि आजही पूर्ण मिटलेला नाही. पण 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी ज्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्याचा आशय एवढाच आहे: देव आपल्याला स्वीकारतो तो कृपेने, आपल्या पुण्याईमुळे नव्हे, आणि तीच कृपा आपल्याला सत्कृत्यांसाठी तयार करते. 2006 मध्ये मेथडिस्टांनी आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघटनेनेही (दोन्ही प्रोटेस्टंट परंपरा) त्याला साथ दिली. आपल्या लेखकाच्या वाटणीत हे सगळे कुठे बसवायचे?

माझा खरा आक्षेप मात्र ‘भोळा’ या शब्दाला आहे. विश्वास सोपा आणि नियम कठीण, असे लेखात गृहीत धरले आहे. नियमाचे एक बरे असते, तो पाळला की पाळला. उपास केला का? केला. विश्वासाचे काय? पुरेसा आहे का? खरा आहे का? की नुसताच तोंडचा? सतराव्या शतकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, मंडळ्यांनी सभासदत्वासाठी एक अट घातली होती. आपल्या अंतःकरणात देवाची कृपा कशी उतरली, याची साक्ष मंडळीपुढे द्यायची. कर्मकांड नको म्हणून समुद्र ओलांडून गेलेली ही माणसे. पुढच्या पिढीतल्या अनेकांना तशी साक्ष देता येईना. ती चांगली वागत होती, उपासनेला येत होती, पण ‘अमुक दिवशी मला असे झाले’ हे छातीठोकपणे सांगवत नव्हते. मग त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याचे काय करायचे, हा पेच पडला, आणि 1662 च्या सभेला मधला मार्ग काढावा लागला: मुलांना बाप्तिस्मा द्यावा, आईबापांना पूर्ण सभासदत्व मात्र नाही. विश्वास मोजायला घेतला, की त्याचाही नियम होतो आणि तो सुंतेपेक्षा जाचक ठरतो, कारण तो पाळला की नाही हे कधी कळतच नाही.

पंडिता रमाबाईंनी हा अनुभव उलट्या बाजूने लिहून ठेवला आहे. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. बाईंचा व्यासंग पाहता हे कबूल करणे सोपे नव्हते. आणि ज्याला लेखक ‘भोळा’ म्हणतात तो विश्वास हाती आल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. 1896 च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुली-बायकांना आसरा दिला. मला नाही वाटत त्यांनी त्याचा जमाखर्च मांडला असेल.

येशूबरोबर वधस्तंभावर खिळलेल्या आणि शेवटच्या घटकेला विश्वास ठेवून स्वर्गाचे वचन मिळवलेल्या चोराचा पाठ चालू असताना वर्गातल्या एका मुलीने मला विचारले होते, ‘बाई, त्याला खाली उतरवला असता तर तो पुन्हा चोरी करायला गेला असता का?’ मी तेव्हा उत्तर दिले नाही. पण विश्वास आणि कर्म यांवर मी वाचलेल्या बऱ्याच उपदेशांपेक्षा हा प्रश्न अधिक नेमका होता.

जाता जाता एक दुरुस्ती. क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, हे विधान लेखात पौलाच्या नावावर छापले गेले आहे. ते याकोबाच्या पत्रातले आहे, अध्याय 2, ओवी 26. पौलाचे हवेच असेल, तर गलतीकरांस 5:6 पाहावे. तिथे तो प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासाविषयी बोलतो.

आपली,
एक वाचक