केतके, मालवणला काय झालं ते ऐक

कराड,
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय केतके,

शिव्या नंतर घाल, आधी वाच. दिवाळीत तुझे दोन फोन उचलले नाहीत, वाढदिवसाला नुसता केकचा इमोजी चिकटवला, सगळं लक्षात आहे माझ्या. मी ठीक. आईची शुगर आटोक्यात, बाबा अजून टीव्हीतल्या माणसांशी भांडतात. झालं, संपली ख्यालीखुशाली. हाताने लिहितेय, फोटो काढून पाठवते. टाईप करायला बसले तर मी हे गोड करून लिहीन, तुला माहीत आहे.

गुरुवारी नववीची सहल घेऊन मालवणला गेले होते. किल्ला बघून परत येताना होडीचं इंजिन बंद पडलं. धक्का इतका जवळ होता की तिथल्या शहाळेवाल्याचा लाल टी-शर्ट दिसत होता. पण लाटा आडव्या यायला लागल्या, होडी डुलायला लागली आणि पोरींनी एका सुरात किंचाळायला सुरुवात केली. होडीवाला ओरडला, "बसान ऱ्हवा सगळ्यांनी!" मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडले, "कुणीही जागचं हलायचं नाही! आहात तिथंच बसून राहा!"

आणि माझ्यासमोर दोन हातांवर बसलेली सई उभी राहिली.

लाइफ जॅकेटची बकलं तुटलेली होती, तर ही पट्ट्याचं एक टोक दातात धरून गाठ मारत होती आणि दुसऱ्या हाताने शेजारणीला दंडाला धरून उठवत होती. होडी त्या अंगाला कलली, पाणी आत आलं, खाऊची पिशवी वाहून गेली. होडीवाल्यानं खांदे दाबून तिला खाली बसवलं. दोन-तीन मिनिटांत इंजिन फुरफुरत सुरू झालं. धक्क्यावर उतरल्यावर पोरी हसत-खिदळत सोलकढी प्यायल्या, रील्सही काढले. माझे गुडघे मात्र संध्याकाळपर्यंत लटलटत होते. ती जॅकेटं निघताना होडीच्या तोंडाशी ढीग करून टाकलेली होती गं. नारिंगी, कळकट, ओल्या गोणपाटाच्या वासाची. 'घालायची तर घाला' असा सगळा कारभार. त्या ढिगाकडे बघताना मला बीटीएसमधला तुझा युंगी आठवला होता, 'स्प्रिंग डे'च्या व्हिडिओत कपड्यांच्या डोंगरावर बसलेला. आणि मी त्याचा फोटो काढला! मोजून जॅकेटं वाटायची सोडून मी फोटो काढला. हे तुला सोडून कुणाला सांगू?

रात्री फोंडा घाट चढताना सगळ्या झोपल्या. सई उठून माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "सॉरी मॅडम. पण तुम्ही 'हलू नका' म्हणालात ना... तिकडे पण तेच सांगत होते ना? ज्यांनी ऐकलं ते गेले. तुम्हीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं मी.

सप्टेंबरमधली गोष्ट. 'प्रतीक' शिकवत होते. धड्याखालच्या प्रश्नाला गाइडमधलं उत्तर सगळ्यांचं सारखं, एकीलाही प्रतीक कशाशी खातात ते कळलेलं नाही. वर्गात निम्म्या पोरींच्या कंपासपेटीवर जांभळी हृदयं आणि बीटीएसच्या जंगकूकचे स्टिकर. म्हटलं, चला. पुढच्या मोकळ्या तासाला प्रोजेक्टरवर बीटीएसचं 'स्प्रिंग डे' गाणं लावलं. केतके, काय वर्ग झाला म्हणून सांगू! मी थांबवत थांबवत दाखवलं. मेरी-गो-राउंडला बांधलेल्या पिवळ्या फिती. लॉजची ती 'ओमेलास'ची पाटी. समुद्राकाठी बूट हातात घेतलेला जिमिन, आणि शेवटी निष्पर्ण झाडाला टांगलेले बूट. आणि मग फळ्यावर लिहिलं : १६ एप्रिल २०१४. सेवोल. दक्षिण कोरियात इंचॉनहून जेजू बेटाकडे निघालेलं जहाज, आत ४७६ माणसं, त्यातली ३२५ आन्सानच्या एकाच शाळेची मुलं, सहलीला निघालेली. मेले ३०४, त्यात त्या शाळेचे २५०. जहाज कलत होतं तेव्हा आत पुन्हा पुन्हा घोषणा चालू होती, आहात तिथेच थांबा. मुलं थांबली. कप्तान उतरून गेला. जंगकूक ९७ चा, ती मुलंही बहुतेक ९७ चीच, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरची एक रडायलाच लागली. मला काय वाटलं सांगू? छान वाटलं. वर्ग रंगला असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सईने न सांगता वहीत लिहून आणलं. तशीच्या तशी उतरवते :

"बूट – मृत विद्यार्थी. पिवळी फीत – स्मरण. लॉज – समाजाचा ढोंगीपणा. कपड्यांचा ढीग – मागे राहिलेल्या वस्तू. (गुण ४)"

गुणसुद्धा तिनेच दिलेले. मी खाली लाल शेऱ्याने 'उत्तम!' लिहिलं.

आता तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय. तुला ती वही आठवली. गाण्यांतल्या खुणांचे अर्थ नोंदवायची माझी डिटेक्टिव्ह वही.

१२ फेब्रुवारी २०१७, रात्री साडेआठ, तिकडे कोरियात मध्यरात्र झालेली. होस्टेलच्या जिन्यात बसून, जिओच्या फुकटच्या नेटवर, एकाच इअरफोनचं एकेक टोक कानात घालून आपण 'स्प्रिंग डे' पहिल्यांदा पाहिलं. मेस बंद झाली, तुझी त्या दिवशीची बटाट्याची भाजी माझ्यामुळे हुकली, ते तू अजून ऐकवतेस. पहिल्याच दृश्यात तेह्यंग बर्फातल्या रुळाला कान लावतो. मी म्हटलं, थांब, याचा अर्थ काय? तू म्हणालीस, "कुणी येतंय का ते ऐकतोय, अजून काय." मला तेव्हा तुझी कीव आली होती.

नंतर मी ओमेलास शोधून काढलं. अर्सुला ले ग्विनची १९७३ ची गोष्ट, सगळं गाव सुखात आणि त्या सुखासाठी एक पोर तळघरात कोंडलेलं. कळल्यावर काही माणसं मुकाट्याने गाव सोडून निघून जातात. तिला ते नाव 'सेलम, ओरेगन'ची पाटी आरशात उलटी वाचून सुचलं, हे मी तुला रात्री एक वाजता उठवून सांगितलं. त्यानंतर महिनाभर तू स्वारगेटला प्रत्येक एसटीची पाटी उलटी वाचायचीस. "डराक! डराक! चला, डराकवाले कोण आहे!" कंडक्टर बघायचा. तो विनोद मी मनापासून द्वेषला, आणि आज रोज स्टँडवरून जाताना माझ्याही तोंडात 'डराक'च येतं.

त्यांच्याच 'ब्लड, स्वेट अँड टिअर्स' गाण्याच्या वेळचं तर विचारूच नको. त्या व्हिडिओतल्या ब्रॉयगेलच्या जुन्या चित्रात कोपऱ्यात समुद्रातून फक्त दोन पाय वर आलेले, ग्रीक कथेतला इकारस बुडतोय आणि शेतकरी आपला नांगर धरून चाललाय. ते मी वीस वेळा झूम करून दाखवलं. तू तापाने फणफणलेली होतीस त्या आठवड्यात. म्हणालीस, "चारशे वर्षांपूर्वीचा बुडणारा पोरगा दिसतो तुला, इथे क्रोसिन कोण आणणार?" आणलं होतं मी. उशिरा आणलं, पण आणलं.

आणि मग मार्चमधलं भांडण. सेवोल समुद्राच्या तळातून वर काढलं, जवळजवळ तीन वर्षांनी, गंजून चिखलाच्या रंगाचं झालेलं. गाणं फेब्रुवारीत, जहाज मार्चमध्ये वर. मी वहीत नवा नंबर घातला, बावीस, आणि लिहिलं 'भाकीत!!!' तीन उद्गारचिन्हं. तू माझ्या हातातून वही घेतलीस आणि शेवटच्या पानावर लाल पेनाने काहीतरी लिहून पलंगावर फेकलीस. त्यातलं 'ही कुणाचीतरी पोरं होती' एवढं मला पाठ आहे. त्याखाली अजून दोन ओळी होत्या, त्या आठवत नाहीत, कारण मी त्या रागाने वाचल्याच नव्हत्या. आठ दिवस अबोला. मी तुला 'उथळ' म्हटलं होतं. (तू मला 'दुःखाची भंगारवाली' म्हणालीस. हे मात्र जास्त लागणारं होतं हं.)

तुझं म्हणणं होतं, गाणं एका मित्राची आठवण आहे, साधीसरळ. आठवण येते म्हटलं की जास्तच येते, आणि बदललास तो तू की मी, ते कळत नाही. बाकी सगळं मी डोक्यावर बसवलेलं. माझं म्हणणं, बीटीएसच्या सात जणांनी आणि त्यांच्या कंपनीने मिळून त्याच जानेवारीत सेवोलच्या कुटुंबांना दहा कोटी वॉन दिले, ते काय उगाच? २०२० मध्ये एका अमेरिकी मासिकाने त्यांच्यातल्या जिनला सरळ विचारलं, तर तो म्हणाला, हो, दुःखद घटनेबद्दल आहे, आणि ओढीबद्दलही आहे. मी तुला लिंक पाठवली, 'मी जिंकले' लिहून. तू उत्तर दिलंस, 'वाक्य पूर्ण वाच.'

तर आता सई.

शाळेत काय चाललंय ते ऐक. मुख्याध्यापिका बाईंच्या मते सई 'आगाऊ' आहे, तिच्यामुळे तीस मुलींचा जीव धोक्यात आला. तिच्याकडून लेखी खुलासा घेतलाय. उद्या अकराला तिच्या आईला बोलावलंय. आणि खुलाशात पोरीने लिहिलंय, 'मला भीती वाटली म्हणून मी उठले, माझी चूक झाली.' गाणं नाही, सेवोल नाही, माझा तास नाही. मी स्टाफरूममध्ये तो कागद वाचला, घडी घातली, परत दिला. कुणीतरी म्हणालं, "आजकालच्या पोरी मोबाईलमुळे बिघडल्यात." मी चहा पीत होते. पीत राहिले.

मला झोप लागत नाहीये ती वेगळ्याच गोष्टीने. तिला मी सांगू काय? छोट्या होडीत उभं राहिलं की होडी उलटते, तेव्हा होडीवाल्याचंच बरोबर, हे तर सांगेनच. पण मग ती विचारेल, मॅडम, आतून कसं ओळखायचं आपण कुठल्या होडीत आहोत ते? विचारेलच. ती तशी आहे. आणि मला ते त्या क्षणी कळत होतं का? नाही गं. मला होडीतलं शष्प कळत नाही. मी 'हलू नका' ओरडले ती घाबरून ओरडले. माझं वाक्य योग्य निघालं तो योगायोग. आन्सानच्या त्या शाळेचे अकरा शिक्षकही गेले, हे मी वर्गात सांगितलं नव्हतं, कारण ते माझ्या प्रतीकांच्या यादीत कुठे बसत नव्हतं. होडीत नेमकं तेच डोक्यात आलं.

आणि दुसरं एक. तिने शेजारणीला आधी उठवलं, केतके. स्वतःच्या जॅकेटची गाठ अजून बसलेली नव्हती. हे खुलाशात कुणी विचारलेलं नाही. माझ्या वर्गातल्या चाळीस जणींनी ते गाणं पाहिलं, चार गुणांचं उत्तर लिहिलं आणि विसरल्या. एकीनं ते खरं मानलं. ती चुकली, आणि मी तिला 'उत्तम' दिलेलं होतं. तू असतीस तर तिथेच म्हणाली असतीस, "आता हिचंही प्रतीक करू नकोस." बरं, नाही करत. लिहिता लिहिता तिकडेच चालले होते खरी.

आज सकाळी आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "तू कशाला सांगतेस तुझं नाव? मिटेल ते." मिटेलच. मी नोकरीत अजून पर्मनंट नाही, हेही खरं. पण उद्या सईची आई येऊन बसणार, पोरगी खाली मान घालून उभी राहणार, आणि मी शेजारच्या वर्गात समास सोडवत असणार. मी जाऊन सांगितलं तरी काय सांगू, 'मी एक कोरियन गाणं दाखवलं म्हणून'? बाई हसतील आधी. मग हसायच्या थांबतील.

तुझं काय चाललंय? फ्लॅटचा ताबा मिळाला का? ओवीला दात किती आले? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल एव्हाना, विचारलंय म्हणून सांग. बँकेतला तो माणूस अजून तुझ्या खुर्चीवर टॉवेल टाकतो का? सगळं सविस्तर लिही, मी खरंच वाचेन. बीटीएसचे सगळे लष्करातून परत आलेत, वसंतात नवा अल्बम आहे. ओवीला झोपवून एकत्र बघू, फोनवर तरी. आणि एक अक्षर बोलणार नाही मी मध्ये. बरं, एकदाच थांबवेन.

ती वही तुझ्याकडे आहे. नाही म्हणू नकोस. होस्टेल सोडताना तू तुझ्या ट्रंकेत टाकलेली मी पाहिली होती, मुद्दाम मागितली नाही. शेवटच्या पानाचा फोटो काढून पाठव. त्या दोन ओळी मला हव्या आहेत. उद्या अकराच्या आधी जमलं तर बघ. मी साडेदहाला शाळेत पोचते आणि मग फोन कपाटात ठेवावा लागतो.

तुझी,
शर्वू

ता. क. क्रोसिन उशिरा आणल्याबद्दल सॉरी. तेव्हा म्हटलं नव्हतं.