‘इन’ म्हणजे नाही, आणि ‘इन’ म्हणजे आतसुद्धा

नवी पेठ, पुणे
रविवार, रात्री अकरा

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उशीर झाला, रागावू नकोस. तुझ्या लेकीने खाली पेन्सिलीने लिहिलेला प्रश्न मी चार वेळा वाचला: “काका, इंग्रजी शब्दाला ‘इन’ लावला की तो उलटा होतो ना? मग इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं का?” आणि त्याखाली तुझा शेरा, की इतकी वर्षं शिकवतोयस, दोन ओळींत सांगून टाक.

दोन ओळींत सांगण्यासारखं आधी सांगतो. इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं नव्हे, चटकन पेटणारं. हे तिला आजच सांग, बाकीचं पत्र सवडीने वाच. या एका शब्दाचा अर्थ चुकला तर मार्क जाण्यापुरतं ते राहत नाही, जिवावर बेतू शकतं.

आता सविस्तर लिहितो, कारण तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात माझ्याकडे संध्याकाळच्या बॅचला येणारा एक मुलगा याच ‘इन’पायी रडला. साताऱ्याकडचा आहे. इथल्याच एका अभ्यासिकेत सकाळी सातपासून बसतो, रात्री मेसचा डबा खातो. स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे, पण घरची ओढाताण बघून त्याने मधेच एका खाजगी नोकरीसाठी मुलाखत दिली. गावाबद्दल बोला म्हटल्यावर याने तयार करून ठेवलेलं वाक्य म्हटलं: सातारा इज इनफेमस फॉर इट्स कंदी पेढे. समोरचे तिघे हसले. एकाने ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, परत हसले, आणि तिथेच मुलाखत संपली.

रात्री साडेनऊला चहाच्या टपरीवर त्याने मला हे सांगितलं. हातातला चहा गार होऊन वर साय धरली होती, तरी त्याचं लक्ष नव्हतं. मी विचारलं, “इनफेमस कुठून काढलास?” त्याने पिशवीतून वही काढली. कुठल्याशा पुस्तकातून उतरवलेली यादी होती, तांबड्या पेनाने रेघा मारून दोन रकाने केलेले. एका ओळीत होतं: फ्लेमेबल, इन्फ्लेमेबल, दोन्हींचा अर्थ एकच. त्याच्या खाली याने स्वतःच्या बुद्धीने जोडलं होतं: फेमस, इनफेमस, दोन्हींचा अर्थ एकच.

अरे, त्या पोराचं तर्कशास्त्र बिनचूक होतं! एका उदाहरणावरून त्याने नियम काढला आणि दुसरीकडे लावला. शिकणं म्हणजे आणखी काय असतं? त्याला हसणाऱ्यांपैकी एकाने जरी विचारलं असतं की बाबा, तुला असं का वाटलं, तर त्यांना कळलं असतं की हा मुलगा विचार करणारा आहे. मला त्या रात्री झोप लागली नाही, इतका राग आला होता. राग त्या तिघांवर होता, आणि त्याहून जास्त त्या यादीवर, जी अर्थ सांगते आणि कारण सांगत नाही.

कारण असं आहे. इंग्रजीत लॅटिनमधून आलेले ‘इन’ दोन आहेत. दिसायला जुळे, पण एकमेकांशी नातं नाही. एक ‘इन’ म्हणजे नाही: इनकरेक्ट, इनकम्प्लीट, इनडायरेक्ट. दुसरा ‘इन’ म्हणजे आत, वर, च्या ठायी: इम्पोर्ट म्हणजे आत वाहून आणणं, इन्हेल म्हणजे श्वास आत घेणं. इन्फ्लेमेबल या दुसऱ्या घरातला. त्याच्या पोटात इन्फ्लेम हे क्रियापद आहे, म्हणजे ज्वाळेत घालणं, पेटवणं. अंगाला कुठे दाह सुरू झाला की डॉक्टर इन्फ्लमेशन म्हणतात, तेही हेच. आपल्या ‘दाह’ शब्दातही आगच आहे बघ.

हा घोटाळा फक्त आपल्या पोरांचाच होतो असं नाही. अमेरिकेत 1920 च्या दशकात आगीपासून बचावाचं काम करणाऱ्या लोकांना हीच धास्ती वाटली, की कुणीतरी इन्फ्लेमेबल वाचून ‘न पेटणारं’ समजेल आणि शेजारी काडी ओढेल. म्हणून त्यांनी फ्लेमेबल लिहा असा आग्रह धरला. न पेटणाऱ्याला म्हणायचं नॉनफ्लेमेबल. आपल्याकडे टँकरवर अजून जुनाच शब्द दिसतो. सोलापूर रस्त्याला लोणी काळभोरजवळ तेलाचे डेपो आहेत, तिथून निघणाऱ्या टँकरच्या मागे कधी अडकलास तर ती अक्षरं वाचत बसावं लागतं. मराठीत लिहिलेलं असलं तर ‘ज्वालाग्राही’. काय नेमका शब्द आहे! ज्वाला ग्रहण करणारं, धरून घेणारं. वाचणाऱ्याला शंकाच राहत नाही.

मग इन्फमस? (हो, उच्चार इन्फमस असा, ‘इन’वर जोर देऊन. इनफेमस नव्हे. त्या पोराला हेही कुणी सांगितलं नव्हतं.) हा पहिल्या घरातला, नकाराचा ‘इन’. पण मग अर्थ ‘अप्रसिद्ध’ असायला हवा होता, आणि आहे ‘कुप्रसिद्ध’. हे कसं? इथे मीही अडकलो. इतकी वर्षं मी स्वतः हा शब्द ‘अपवाद, पाठ करा’ म्हणून पुढे सरकवत आलोय.

त्या रात्री झोप येईना म्हणून उठलो आणि वामन शिवराम आपट्यांचा कोश काढला. आपटे आपल्या फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य, 1892 मध्ये गेले तेव्हा जेमतेम चौतीस वर्षांचे होते. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश 1890 चा. सहज पहिलंच पान उघडलं, ‘अ’. आणि तिथे आपटे सांगतात की संस्कृतचा नकारार्थी ‘अ’ म्हणजे लॅटिनचा ‘इन’, इंग्रजीचा ‘इन’ किंवा ‘अन’. पुढे शास्त्रकारांनी मोजलेले नकाराचे सहा अर्थ दिलेत. त्याचा श्लोकही आहे:

तत्सादृश्यमभावश्च तदन्यत्वं तदल्पता।
अप्राशस्त्यं विरोधश्च नञर्थाः षट् प्रकीर्तिताः॥

त्याच्यासारखं, त्याचा अभाव, त्याहून वेगळं, त्याचं थोडंच असणं, त्याचं वाईट असणं, आणि त्याच्या विरुद्ध. आपण दहावीला नञ् तत्पुरुष समास पाठ केला तेव्हा कुणी ही वाट दाखवली नाही. यातला पाचवा अर्थ बघ, अप्राशस्त्य. आपट्यांचं उदाहरण ‘अकाल’, म्हणजे काळ नसणं नव्हे, अयोग्य काळ.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला विचारलं, “तुमच्याकडे अवेळी पाऊस पडतो म्हणजे काय होतं?” तो म्हणाला, “सर, काढणीला आलेली ज्वारी काळी पडते.” मी म्हटलं, “म्हणजे वेळच नसते का?” “नाही, वेळ असते, पण चुकीची.” “मग इन्फमस म्हणजे?” तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, “नाव असतं, पण वाईट.” दोस्ता, त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी तुला लिहून दाखवू शकत नाही. त्याने वहीतली ती ओळ खोडली नाही. शेजारी ‘अवेळी पाऊस’ एवढंच लिहिलं.

तेव्हापासून मी बॅचमध्ये यादी द्यायची बंद केली. मराठी शब्द विचारतो आणि त्यावरून इंग्रजीकडे जातो. इन्व्हॅल्युएबल बघ. निम्मी मुलं दरवर्षी ‘कवडीमोल’ म्हणून लिहितात, कारण व्हॅल्युएबलच्या उलट. पण इथे व्हॅल्यू म्हणजे मोल करणं. ज्याचं मोल करता येत नाही ते, आपलं ‘अमूल्य’. तुझी अमूल्य मदत झाली असं म्हटल्यावर तुला कधी वाईट वाटलंय का? शब्दाची बांधणी तीच आहे, अर्थही तोच. कवडीमोलाला वर्थलेस म्हणायचं. तसंच इनह्यूमन म्हणजे ‘माणूस सोडून दुसरं काही’ एवढंच नाही, तर अमानुष. अमानुष मारहाण करणारा माणूसच असतो.

आणि काही शब्द तर सख्खे आहेत. इग्नोरंट घे. ‘ग्न’च्या आधी ‘इन’मधला न गळला आणि ‘इ’ उरला. पुढचा ‘ग्नो’ म्हणजे आपला ‘ज्ञा’. म्हणजे इग्नोरंट आणि ‘अज्ञ’ यांचा धातू एक आणि नकारही एकच. इंग्रजी ‘नो’ म्हणजे जाणणं, त्याच्या स्पेलिंगमधला मुका के तुझ्या लेकीला नेहमी नडत असणार. तोही याच ज्ञाचा उरलेला तुकडा आहे. इम्मॉर्टल म्हणजे अमर्त्य, मृ धातू दोन्हीकडे. इन्सोम्निया म्हणजे निद्रानाश, त्यातला सोम्नस आणि आपलं ‘स्वप्न’ एकाच मुळाचे. अमरकोशात देवांच्या नावांमध्ये एक चरण आहे: ‘आदित्या ऋभवोऽस्वप्ना अमर्त्या अमृतान्धसः’. अस्वप्न आणि अमर्त्य, शेजारी शेजारी! न झोपणारे, न मरणारे. लहानपणी आजोबा हे म्हणून घ्यायचे तेव्हा मी केवढा कंटाळायचो. आज तो चरण आठवला आणि डोळे भरून आले.

तुझी लेक आणखी एक विचारणार, मला माहीत आहे. इम्पॉसिबलमध्ये ‘इम्’ का, इल्लीगलमध्ये ‘इल्’ का, इर्रेग्युलरमध्ये ‘इर्’ का? तिला सांग, मोठ्याने ‘चिंच, गंगा, आंबा’ म्हण. अनुस्वाराचं टिंब एकच, पण तीन वेळा तीन वेगळे आवाज. आंबा म्हणताना ओठ मिटतात, म्हणून म्. पॉसिबलच्या प साठीही ओठ मिटावे लागतात, म्हणून इम्. उत् आणि लेख मिळून ‘उल्लेख’ होतो, तसा इन् आणि लीगल मिळून इल्लीगल. संधी आपल्या जिभेवर आहेच, नियम म्हणून वेगळा घोकायची गरज नाही.

‘इन’ कुठे आणि ‘अन’ कुठे, हे मात्र थोडं चिकट आहे. ‘अन’ हा इंग्रजीचा घरचा, ‘इन’ लॅटिनमधून आलेला. साधारणपणे ज्या घरचा शब्द त्या घरचा नकार: अनबिलिव्हेबल, पण इनक्रेडिबल. आपण नाही का ‘अनुपस्थित’ आणि ‘गैरहजर’ म्हणत? ‘अहजर’ कुणी म्हणणार नाही. पण घरं पुढे एकमेकांत मिसळली. म्हणून अनेबल पण इनॅबिलिटी, अनजस्ट पण इनजस्टिस, अनइक्वल पण इनइक्वॅलिटी. या जोड्या कानाने पक्क्या कराव्या लागतात. मी त्या वर्गात जोडीने म्हणून घेतो, पाढ्यांसारख्या.

आत जाणाऱ्या ‘इन’चा एकच शब्द सांगतो, तुझ्या पेशातला. दिवसभर लोकांना इन्व्हेस्ट करा म्हणतोस ना? त्यातला ‘व्हेस्ट’ म्हणजे वस्त्र, आपल्या ‘वस्त्र’चाच भाऊ. इन्व्हेस्टचा मूळ अर्थ वस्त्र चढवणं. पैसा मालात घातला की त्याने नवा वेश घेतला, अशा समजुतीने तो शब्द व्यापारात आला. पुढच्या वेळी फॉर्म भरताना आठव.

त्या मुलाची आणखी एक मुलाखत येत्या गुरुवारी आहे. परवा त्याने गावाबद्दलचं वाक्य नव्याने लिहून आणलं. नुसतं ‘फेमस’ घाल असं मी सुचवलं, तर नाही म्हणाला. “सर, दोन वाक्यं म्हणतो. एक पेढ्यांचं आणि एक अवेळी पावसाचं. पाऊस कशाला म्हणायचं ते सांगा.” मी ‘अनसीझनल रेन’ सांगितलं. त्याने लगेच विचारलं, हा ‘अन’ पाचव्या अर्थाचा का? मी हो म्हटलं.

लेकीला अडणाऱ्या शब्दांची यादी उतरवून पाठव, मी तिच्यापुढे मराठी शब्द लिहून देईन. वहिनींना नमस्कार. दिवाळीत इकडे या, पेढे त्या मुलाकडून मागवून ठेवतो.

तुझाच,
पुण्यातला दोस्त

ता. क. — धाकट्याच्या बाळाचा फोटो मिळाला. त्याच्या पाळण्यावर कुणीतरी इन्फंट असं लिहिलेलं दिसलं. तोही नकाराचाच ‘इन’ आहे: जो अजून बोलत नाही तो. बोलायला लागलं की कळव, पहिला शब्द कोणता ते विसरू नकोस.