बाबांच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

तूर सोंगणीच्या धांदलीत परवा फोनवरचे बोलणे अर्धवट राहिले, म्हणून बाबांच्या प्रश्नाचे उत्तर लिहून कळवीत आहे. क्वांटम विज्ञानासाठी सरकारने सहा हजार कोटी दिल्याचे पेपरात छापून येते, मग पीएचडी होऊनही तुझी नोकरी दोन-दोन वर्षांच्या कराराचीच का, असे बाबांनी विचारले होते. प्रश्न रास्त आहे.

बातमी खरी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली आणि २०३०-३१ पर्यंतच्या आठ वर्षांसाठी ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांची तरतूद केली. परंतु असा पैसा मुख्यतः यंत्रसामग्रीवर आणि प्रकल्प चालेल तेवढ्याच काळाच्या पदांवर खर्च होतो. कायम प्राध्यापकाची जागा संस्थेच्या स्वतंत्र निवडप्रक्रियेतून भरली जाते. प्रयोग करणाऱ्यांना निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य त्या सर्वांत कमी तापमानाच्या, जेमतेम वर, अंशाच्या काही सहस्रांशांवर चालणारी शीतयंत्रे लागतात. आम्हा सैद्धांतिक मंडळींना फळा, कागद आणि संगणक पुरतो. आम्ही स्वस्त पडतो, पण आमच्या कामाचा फोटो काही पेपरात येत नाही.

आता काम काय, ते सांगते. क्वांटम संगणक म्हणजे अणूंएवढ्या सूक्ष्म जगाच्या नियमांवर चालणारा संगणक. त्यातील माहितीचा घटक, म्हणजे क्युबिट, इतका नाजूक असतो की आजूबाजूच्या क्षुल्लक हालचालीनेही त्यात चूक शिरते, आणि ती पाहण्यासाठी थेट मोजमाप केले तर माहितीच नष्ट होते. बाबांच्या भजनी मंडळात एखादा ओळ विसरला तरी बाकीचे ती धरून ठेवतात. तशीच एका क्युबिटची माहिती अनेकांत पसरून ठेवायची. फरक एवढाच, की इथे कोणालाही ‘तू काय म्हणालास’ असे विचारायचे नाही, फक्त ‘तुमचे आपसात जुळते का’ एवढेच विचारायचे. जिथे जुळत नाही तिथे खूण उमटते. अशा दोन खुणा दिसल्या की चूक एकीपासून दुसरीपर्यंत नेमक्या कोणत्या वाटेने गेली असावी, हे ठरवावे लागते. वाटा अनेक असतात, त्यांपैकी सर्वांत संभाव्य वाट झटपट निवडणारे गणित बसवणे हा माझा विषय. चुकीचा अंदाज बांधून दुरुस्ती केली, तर मूळ चूक राहते आणि वर नवी पडते.

या विद्येचा पाया अमेरिकी गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९५ मध्ये घातला, तेव्हा ती वापरता येईल असे यंत्रच नव्हते. अधिक क्युबिट म्हणजे चुकांना अधिक जागा, त्यामुळे प्रत्येक क्युबिटची चूक एका मर्यादेखाली आणल्याशिवाय पसारा वाढवून उपयोग नसतो. गुगलच्या गटाने डिसेंबर २०२४ मध्ये दाखवले की क्युबिटची रचना ३×३ वरून ५×५ आणि पुढे ७×७ केल्यावर चुकांचे प्रमाण प्रत्येक पायरीला सुमारे निम्म्यावर येते. गणित कागदावरून यंत्रात उतरायला एवढी वर्षे लागली, याचे मला दडपण वाटत नाही, उलट धीर येतो.

खासगी कंपनीत पगार अधिक मिळेल, हे आईचे म्हणणे मान्य आहे. तिथे मात्र कंपनीला लागेल तोच प्रश्न सोडवावा लागतो, आणि माझ्या हातातला प्रश्न सध्या सोडून द्यावासा वाटत नाही. कराराची दोन वर्षे संपेपर्यंत कायम जागांसाठी अर्ज करीत राहीन. तोवर काही जमले नाही तर कंपनीचा विचार करीन, असे मी ठरवले आहे. विहिरीच्या मोटारीचे काम माझ्या नोकरीसाठी अडवून ठेवू नये, त्यापुरते पैसे मी पाठवीत आहे.

आणि आई, तू गावात मी प्राध्यापक झाल्याचे सांगतेस, असे काकूंकडून कळले. कृपा करून ‘संशोधक आहे, करारावर आहे’ असेच सांगावे.

तुमची लेक